लॅक्स्टन: बांध नसलेलं शिवार

भारतातून पाहुणे आले की फर्माईश ठरलेली असते: 'ते कॅलेंडरवरचं इंग्लंड दाखवा.' मग कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागातलं बायबरी गाव गाठायचं आणि मधाच्या रंगाच्या दगडी घरांपुढे फोटो काढायचे. माझी हरकत नाही, देखणीच आहेत ती गावं. पण तिथल्या बऱ्याच घरांत आता सुट्टीपुरते येणारे लोक असतात आणि शेतीशी त्यांचा संबंध खिडकीतून दिसेल तेवढाच. म्हणून नॉटिंगहॅमला राहायला आल्यापासून मी पाहुण्यांना याच परगण्यातल्या लॅक्स्टन या शेतकरी गावाला नेते. निम्म्यांचा विरस होतो, हेही सांगून टाकते.

कारण पाहण्यासारखं तिथे वरवर काहीच नाही. लाल विटांची कौलारू घरं, एक चर्च, एक पब आणि गावाच्या उत्तरेला गवताखाली गेलेलं नॉर्मन किल्ल्याचं टेकाड. घरांची अरुंद बाजू रस्त्याकडे, मागे गोठे-कोठारं, त्यामागे परसाची लांबट जमीन. शेतकरी गावात राहतो आणि शेत गावाबाहेर असतं, यात आपल्याला काय नवल? पण इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी शेतकऱ्याचं घर त्याच्या शेतांच्या मधोमध एकटं उभं असतं, आणि शेतांना झुडपांची कुंपणं. हे असं पूर्वापार नव्हतं, ते घडवलं गेलं. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने सामायिक जमिनी बंदिस्त करणारे ५,२०० हून जास्त कायदे केले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या पाचव्या हिश्शाहून थोडी अधिक, कुंपणात गेली. जमीनदारांचं उत्पन्न वाढलं. ज्यांची गाय गावच्या गायरानावर चरायची, त्यांची मात्र चराई गेली.

लॅक्स्टन या तडाख्यातून वाचलं. इथल्या दोन बड्या जमीनदारांचं वाटणीवर एकमत होईना, म्हणून काम रखडत गेलं, असं सांगतात. कारण काही असो, वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड ही तीन भली मोठी मोकळी शेतं आजही कसली जातात.

त्यांची व्यवस्था अशी. प्रत्येक शेतात अनेक शेतकऱ्यांच्या लांब-अरुंद पट्ट्या. एकाच्या पट्ट्या सलग नसतात, इथे एक, तिथे दुसरी, म्हणजे चांगली जमीन आणि पाणथळ जमीन सगळ्यांच्या वाट्याला यावी. पट्ट्या लांबोळक्या, कारण बैलांची लांबलचक जोडणी वारंवार वळवणं जिकिरीचं. तीन शेतांपैकी एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातला पेरा, तिसरं पड. पुढच्या वर्षी पाळी बदलते. पूर्वी कापणी झाली की धसकटांवर गावाची सगळी जनावरं सुटायची, त्यामुळे 'मी माझ्या पट्टीत मला हवं ते पेरीन' ही भाषा चालण्यासारखीच नव्हती. १६३५ मध्ये मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने गावाचा नकाशा काढला, तो ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. नांगरणारी, कापणी करणारी चिमुकली माणसंही त्याने त्यात काढली आहेत. तेव्हा पट्ट्या दोन हजारांहून जास्त होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या एकत्र करून रुंद केल्या, म्हणून आज ट्रॅक्टर चालतो.

आता मला खरी मौज वाटते ती पुढच्या भागाची. या पट्ट्यांमध्ये बांध नाही. दोन शेजाऱ्यांमध्ये फार तर एक सरी आणि टोकाला एक लाकडी खुंटी. बांध कोरण्यावरून आपल्याकडे सख्ख्या भावांच्या दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, तिथे ही माणसं खुंटीवर कशी भागवतात?

भागवतात, कारण कोणी ना कोणी बघायला येणार, हे पक्कं असतं. दर वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस गावातले १२ पंच गव्हाचा पेरा झालेल्या शेतात फिरतात. कोणाचा नांगर रस्त्यात घुसलाय का, कडेच्या गवताळ पट्ट्यात घुसलाय का, ते पाहतात. हललेल्या खुंट्या पुन्हा ठोकतात. मग डव्हकोट इन या पबमध्ये जेवण. त्यानंतर आठवड्याभराने त्याच पबमध्ये कोर्ट लीट, म्हणजे गावचं जुनं न्यायालय, भरतं. तिथे दंड जाहीर होतात आणि पुढच्या वर्षाचे पंच शपथ घेतात. अशी न्यायालयं एके काळी देशभर होती. १९७७ च्या कायद्याने बहुतेकांचे अधिकार संपवले, लॅक्स्टनचं कामकाज मात्र चालू राहिलं. भटक्या जनावरांचा कोंडवाडाही गावात आहे आणि तो सांभाळणाऱ्याचं पदसुद्धा.

दंडाची रक्कम किरकोळ असते. पण ज्यांच्यासोबत संध्याकाळी बिअर घ्यायची, त्यांच्यादेखत आपलं नाव पुकारलं जाणं काही किरकोळ नसावं!

याला कोणी ग्रामस्वराज्य म्हणू लागलं, तर मी थांबवते. शेतकरी इथे कुळंच आहेत, जमिनीचा मालक वेगळा. गाव बरीच वर्षं अर्ल मॅन्व्हर्स घराण्याकडे होतं, १९५२ मध्ये ते शेती मंत्रालयाने घेतलं, १९८१ मध्ये क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं, आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे फिरून त्याच घराण्याच्या वारसांकडे. कुळांनी पंचायत चालवायची आणि गाव मालकांनी परस्पर विकायचं, हेही याच परंपरेत बसतं. शिवाय विखुरलेल्या पट्ट्यांची शेती आजच्या हिशेबात परवडणं अवघड. ती टिकली आहे, कारण टिकवायची असं प्रत्येक मालकाला आणि कुळांना ठरवावं लागलं.

यायचं असेल तर जूनमध्ये या. कडेच्या गवताळ पट्ट्या तेव्हा रानफुलांनी भरलेल्या असतात, त्यांना संरक्षित दर्जा आहे आणि तिथल्या गवताचा उन्हाळ्यात लिलाव होतो. पबच्या मागे माहिती केंद्र आहे, आधी तिथला नकाशा बघा, नाहीतर नुसतं रिकामं रान दिसेल. गाडी लागेलच. आणि पांढरे बूट घालू नका, नॉटिंगहॅमशायरच्या चिकणमातीपुढे त्यांचा निभाव लागत नाही.