बारा जणांचे ब्लॉक आणि पाव इंचाचा हिशोब

क्विल्टसाठी (कापडाचे तुकडे जोडून केलेल्या गोधडीसाठी) ब्लॉकची, म्हणजे तिच्या शिवलेल्या चौकोनांची, अदलाबदल करायची म्हटलं की गटात पहिली चर्चा रंगांची होते. माझ्या मते पहिली चर्चा शिवणीच्या रुंदीची, म्हणजे टीप कडेपासून किती आत घालायची याची, व्हायला हवी. रंग थोडे इकडचे तिकडे झाले तर क्विल्ट उलट खुलतं. माप इकडचं तिकडं झालं की ते जोडलंच जात नाही, आणि जोडलं तरी मध्येच फुगतं, कडेला लाटा येतात. बारा वेगवेगळ्या मशीनवर, बारा वेगवेगळ्या हातांनी शिवलेले तुकडे एका सरळ रेषेत बसवायचे आहेत, हे डोक्यात ठेवूनच सुरुवात करावी.

सोयीचा आकडा १२. प्रत्येकाने एकाच नमुन्याचे १२ ब्लॉक शिवायचे, ११ वाटायचे, एक स्वतःकडे ठेवायचा. शेवटी प्रत्येकाच्या हातात बारा हातांचे बारा ब्लॉक येतात आणि तीन बाय चारची मांडणी होते. गटात सहाच जण असतील तर प्रत्येकाला दोन-दोन द्यायचे, बेरीज तीच. दुसराही एक प्रकार आहे: दर महिन्याला एकाची पाळी, त्याने कापड पाठवायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यासाठी शिवायचं. त्यात रंग छान जुळतात, पण शेवटच्या पाळ्या येईपर्यंत उत्साह ओसरतो आणि ज्यांची पाळी शेवटी त्यांच्यावर अन्याय होतो. पहिल्यांदाच एकत्र येणाऱ्या गटाने सगळ्यांची देवाणघेवाण एकाच दिवशी ठेवावी.

काम सुरू होण्याआधी नियम लिहून काढायचे. तोंडी ठरलेलं माप ‘बारा इंच’ असतं. त्यातून काही जण बारा इंचाचा कच्चा ब्लॉक पाठवतात, काही जण साडेबाराचा. म्हणून दोन्ही आकडे लिहा: जोडण्याआधी १२.५ इंच, जोडल्यावर १२ इंच. कापड १०० टक्के सुती. ते धुऊन घ्यायचं की कोरंच वापरायचं, हे सगळ्यांचं एकच हवं. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं. तीन टक्के धरलं तरी १२ इंचाच्या ब्लॉकमध्ये तीन सूत कमी होतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). धुतलेले आणि कोरे ब्लॉक शेजारी-शेजारी बसले तर आधी सपाट दिसणारं क्विल्ट पहिल्या धुण्यानंतर जागोजागी ओढल्यासारखं दिसतं.

पार्श्वभूमीच्या कापडाबद्दल मी आग्रही आहे. ‘पांढरं वापरा’ असं सांगितलं की कुणाचं निळसर पांढरं येतं, कुणाचं दुधी, कुणाचं जवळजवळ पिवळं. एकेकटा ब्लॉक सुंदर दिसतो, पण शेजारी ठेवल्यावर दुधी रंग मळल्यासारखा वाटतो. एकाने एकाच ताग्यातून सगळ्यांसाठी कापड घ्यावं आणि वाटावं. गडद रंग ज्याचा त्याने निवडावा, मजा तिथेच असते.

नमुना म्हणून फ्रेंडशिप स्टार, म्हणजे चार टोकांची चांदणी, घेऊ. अदलाबदलीसाठी तो उत्तम आहे, कारण शिवायला सोपा आहे आणि शिवणारा कुठे चुकला हे लगेच दाखवतो. तीन बाय तीनची जाळी असते. मध्ये एक गडद चौकोन, चार कोपऱ्यांत चार फिके चौकोन आणि चार बाजूंना दोन त्रिकोणांचे चार तुकडे. एका ब्लॉकला ४.५ इंचाचा एक गडद चौकोन, ४.५ इंचाचे चार फिके चौकोन, आणि त्रिकोणांसाठी ५ इंचाचे दोन गडद व दोन फिके चौकोन लागतात. ४२ इंच वापरात येणारी रुंदी धरली तर १२ ब्लॉकसाठी गडद कापड २४ इंच आणि फिकं ४२ इंच लागतं. चुका आणि कडा सरळ करणं धरून गडद पाऊण मीटर, फिकं सव्वा मीटर घ्यावं.

त्रिकोणाच्या तुकड्याचं नेमकं गणित ४ अधिक ७ सूत, म्हणजे पाच इंचाला एक सूत कमी असं आहे. तसं कापू नका, पूर्ण पाच इंच कापा. गडद आणि फिका चौकोन सुलट बाजू आत ठेवून एकावर एक ठेवायचे, फिक्याच्या मागे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप घालायची आणि रेघेवर कापायचं. दोन तुकडे मिळतात. इस्त्री करून प्रत्येक तुकडा ४.५ इंचाला छाटायचा. छाटताना चौकोनी पट्टीची ४५ अंशांची रेघ शिवणीवर ठेवायची, म्हणजे शिवण बरोबर कोपऱ्यातून निघते. हे छाटणं टाळणारे खूप असतात आणि ब्लॉक तिथेच बिघडतो. तिरपी शिवण तिरप्या धाग्यात असते, इस्त्री ढकलत फिरवली की ती ताणली जाते. इस्त्री उचलून दाबायची, फिरवायची नाही. कापण्याआधी कापडाला थोडी खळ दिली तर ताण बराच कमी होतो.

आता पाव इंचाकडे येऊ. पाव इंच म्हणजे दोन सूत. त्या रुंदीवर टीप घातली तरी कापड दुमडताना एखाद्या धाग्याएवढं माप घडीतच जातं. म्हणून टीप पाव इंचाला एक धागा कमी ठेवायची. मशीनच्या पायाच्या कडेवर विसंबू नका, प्रत्येक मशीनचा पाय वेगळा असतो. परीक्षा अशी घ्या: दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी-शेजारी शिवा आणि इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर एक इंच दिसली आणि एकूण रुंदी साडेतीन भरली तर सुईची जागा ठीक आहे. कमी भरली तर शिवण रुंद होतेय, जास्त भरली तर अरुंद. जागा सापडली की मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावून कड करून ठेवा.

एवढी काटेकोरी कशाला, असं वाटू शकतं. फ्रेंडशिप स्टारमध्ये आडव्या रांगेत दोनच शिवणी आहेत. प्रत्येक शिवणीत दोन कापडं अर्धा-अर्धा सूत जास्त खातात असं धरा. दोन शिवणींचे चार काठ, म्हणजे दोन सूत, ब्लॉक सव्वाबारा इंचांवर आला. सहा तुकड्यांची रांग असलेला नमुना घेतला तर पाच शिवणी, दहा काठ, पाच सूत गेले. चूक तीच, हात तोच, फक्त शिवणी वाढल्या. म्हणूनच पहिल्या अदलाबदलीसाठी कमी तुकड्यांचा नमुना निवडावा.

टाका २ वर ठेवा, २.५ वर नको. ब्लॉक पाकिटातून जातात, अनेकदा उलगडले जातात, आणि टोकांना उलटी टीप नसते, त्यामुळे मोठा टाका सुटतो. सुई ८० नंबरची, दोरा सुती, मधल्या रंगाचा. इस्त्रीची दिशाही ठरवून द्या: वरच्या आणि खालच्या रांगेतल्या शिवणी कोपऱ्यातल्या साध्या चौकोनांकडे, मधल्या रांगेतल्या मधल्या चौकोनाकडे. मग रांगा जोडताना शिवणी एकमेकींत अडकून बसतात आणि टाचणीचीही फारशी गरज उरत नाही.

या नमुन्यात सगळ्यात जास्त होणारी चूक मापाची नसते, दिशेची असते. प्रत्येक गडद त्रिकोणाची एक पूर्ण बाजू मधल्या चौकोनाला लागलेली असते आणि चारही टोकं चक्रासारखी एकाच दिशेनं फिरतात. काहींचं चक्र डावीकडे फिरतं, काहींचं उजवीकडे. ब्लॉक कसाही वळवला तरी दिशा बदलत नाही, चारही तुकडे उसवावे लागतात. नियमात एक वाक्य घाला: वरच्या तुकड्याचं टोक डाव्या बाजूला. सोबत फोटो द्या, आणि तो आरशासारखा उलटा आलेला नाही ना, हे पाहा. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो बऱ्याचदा उलटा येतो.

बाराही ब्लॉक शिवण्याआधी प्रत्येकाने एकच ब्लॉक करून गट सांभाळणाऱ्याला दाखवावा. प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तर मोजपट्टी वर ठेवून काढलेला फोटो चालतो. मापं दोन्ही दिशांनी घ्यावीत, तिरकी मापंही. दोन कर्ण सारखे नसतील तर ब्लॉक चौकोनी नाही, मग चारही बाजू साडेबारा भरल्या तरी उपयोग नाही. कुणाचा ब्लॉक परत पाठवणं जड जातं, हे मान्य आहे. पण एका ब्लॉकपाशी सांगितलेलं बारा ब्लॉक वाचवतं. एक-दोन जण मध्येच गळतात, म्हणून सवड असलेल्या कुणी तरी दोघांनी बारा-बारा जादा ब्लॉकची तयारी ठेवावी.

पाठवण्याआधी मागचे लोंबणारे गडद दोरे कापा, फिक्या कापडातून ते रेघेसारखे दिसतात. ब्लॉकच्या चारही बाजूंना कडेपासून एक सूत आत टीप घातली तर कडा ताणत नाहीत आणि शिवणी सुटत नाहीत. नावाची चिठ्ठी टाचणीने लावू नका, टाचणी गंजते. चिकटपट्टीही नको, इस्त्रीखाली तिचा डिंक कापडात उतरतो. शिवणीच्या जादा कापडात दोन टाके घालून कागद अडकवावा. लाल, गर्द निळं, जांभळं कापड असेल तर त्याची चिंधी पांढऱ्या चिंधीसोबत कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून पाहा. रंग गेला तर ते कापड या कामाला नाही.

ब्लॉकवर सही करायची पद्धत जुनी आहे. १८४० च्या दशकात अमेरिकेच्या पूर्व भागात मैत्रिणींच्या सह्यांची क्विल्ट फार केली गेली. त्या काळातल्या लोहयुक्त शाईने काही ठिकाणी कापडच खाल्लेलं आढळतं. आज न उतरणाऱ्या पिगमेंट शाईचं बारीक टोकाचं पेन वापरावं. कापडाच्या मागे फ्रीझर पेपर (एका बाजूला प्लास्टिकचा थर असलेला कागद) इस्त्रीने चिकटवला की ते लिहिताना सरकत नाही. लिहून झाल्यावर कोरडी इस्त्री फिरवावी. सही कडेपासून निदान अर्धा इंच आत हवी, नाहीतर अर्धं नाव शिवणीत जातं.

एवढं करूनही बारा ब्लॉक बारा इंच ते पावणेतेरा इंच अशा मापांत येतातच. सगळे सर्वांत लहान ब्लॉकच्या मापाला छाटावेत असं मनात येतं. ते कधीही करू नये. फ्रेंडशिप स्टारची टोकं कडेपासून जेमतेम पाव इंच आत असतात, छाटलं की टोकं शिवणीत जाऊन बोथट होतात. ज्याने जपून शिवलं त्याच्याच कामावर कात्री चालते.

फरक पाव इंचापर्यंत असेल तर तो जिरवता येतो. दोन्ही टोकं आणि मध्य टाचून घ्यायचे, मोठा ब्लॉक खाली मशीनच्या दात्यांकडे ठेवायचा. दाते खालचं कापड जरा जास्त ओढतात, त्यामुळे वाढीव कापड न चुणता बसतं. ब्लॉक एखादा सूत लहान असेल तर मधल्या दोन शिवणी उसवून पाव सुताने अरुंद करून पाहाव्यात.

फरक त्याहून जास्त असेल तर प्रत्येक ब्लॉकला चौकट द्या. मला हाच मार्ग सर्वांत आवडतो, कारण त्यात कुणाच्या कामाला हात लावावा लागत नाही. सगळ्यांना एकाच कापडाच्या अडीच इंची पट्ट्या लावायच्या, आधी दोन बाजूंना, मग वर-खाली. बारा इंचाचा ब्लॉक १६ इंच होतो, पावणेतेराचा १६.७५. मग सगळे १५.५ इंचाला छाटायचे. छाटताना पट्टीवरची ७.७५ इंचाची उभी आणि आडवी रेघ ब्लॉकच्या मध्यावर ठेवायची, दोन बाजू छाटायच्या, ब्लॉक अर्धा फिरवून उरलेल्या दोन. लहान ब्लॉकभोवती चौकट थोडी रुंद राहते, मोठ्याभोवती अरुंद. शेजारच्या दोन चौकटी एकाच रंगाच्या असल्याने मिळून तीनेक इंचाची पट्टी दिसते आणि दोन-तीन सुतांचा फरक डोळ्याला जाणवत नाही. १२ ब्लॉकसाठी १३ इंचाचे २४ आणि १७ इंचाचे २४ तुकडे लागतात. ४२ इंच रुंदीतून २० पट्ट्या कापाव्या लागतात, म्हणजे ५० इंच. दीड मीटर कापड घेतलं की निर्धास्त. क्विल्ट ४५ बाय ६० इंच होतं.

मांडणी करताना सगळे ब्लॉक जमिनीवर पसरून कृष्णधवल फोटो काढा. रंग निघून गेले की कोणता ब्लॉक किती गडद हे दिसतं. सर्वांत गडद ब्लॉक एका बाजूला गोळा होऊ देऊ नका. ज्या ब्लॉकचं काम थोडं कच्चं आहे तो मधोमध ठेवू नये, पण वगळूही नये.

अस्तर आणि बॅटिंग (मधला मऊ थर) चारही बाजूंनी चार-चार इंच जादा घ्यावं आणि तिन्ही थर हातभर अंतरावर नाही, चार इंचांवर टाचावेत. शिवणीलगत टीप घालायच्या भानगडीत पडू नका. वेगवेगळ्या हातांच्या शिवणी पूर्ण सरळ नसतात, शिवणीलगतची टीप त्या उघड्या पाडते. या कडेपासून त्या कडेपर्यंत जाणाऱ्या सैल लाटा किंवा समांतर रेघा घाला, ९० नंबरची सुई आणि वॉकिंग फूट (सगळे थर एकसारखे पुढे सरकवणारा मशीनचा पाय) वापरा. कडेच्या गोटासाठी अडीच इंची सहा पट्ट्या पुरतात: घेर २१० इंच, वर दहा इंच जोडासाठी.

पहिलं धुणं थंड पाण्यात, रंग शोषणारे कागद टाकून करा. बारा जणांनी बारा ठिकाणाहून घेतलेलं गडद कापड कसं वागेल, ते त्या पाण्यात कळतं. रंग उतरलेला दिसला तर क्विल्ट वाळू देऊ नका. ओलं असतानाच पुन्हा नव्या पाण्यात नवे कागद टाकून धुवा, कागद कोरे निघेपर्यंत.