लढाईआधीचा हिशेब

इतिहासाचं पुस्तक विकत घ्यायच्या आधी मी ते मागून उघडते. सूचीत धान्य, कर्ज, पगार, रसद असले शब्द सापडले तर पुस्तक घरी येतं. नुसतीच सेनापतींची नावं असतील तर परत फळीवर. दिवसभर एका कारखान्याच्या हिशेबखात्यात येणी-देणी जुळवत बसते, त्यामुळेही असेल, पण एखादं राज्य का बुडालं हे मला तलवारींच्या वर्णनातून कधी उमगलं नाही. उमगलं ते पत्रांतून.

इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. त्यात 1750 ते 1761 या काळातली पत्रं आहेत. शाळेत आपण पानिपत शिकतो ते 14 जानेवारी 1761 या एका दिवसाचं. पत्रं वाचायला घेतली की तो दिवस मागे मागे सरकत जातो. रात्रीची भांडी आवरली की मी खंड घेऊन बसते आणि शेजारी वही ठेवते, पानाच्या मधोमध रेघ मारून. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. ऑगस्ट 1760 मध्ये भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली आणि दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून वितळवली, कारण फौजेला द्यायला पैसाच नव्हता. ती चांदी डावीकडे. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला, तिथला धान्यसाठा हाती आला. तोही डावीकडे. त्यानंतर अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला, दिल्लीची वाट तुटली आणि पुढे डावी बाजू जवळजवळ कोरीच राहते. उजवीकडे मात्र रोजची नोंद आहे. लढणाऱ्यांबरोबर बुणगे, बायकामुलं, यात्रेकरू, हत्ती, घोडे, बैल, सगळ्यांची पोटं रोजची. भाऊसाहेब उत्तरेतला वसूल सांभाळणाऱ्या गोविंदपंत बुंदेल्यांना पुन्हा पुन्हा लिहितात, पैसा पाठवा, शत्रूची रसद मारा. डिसेंबरात गोविंदपंतच मारले जातात. तिथं माझा हात थांबतो. लढाईला अजून काही आठवडे बाकी असतात, आणि हिशेब मिटलेला असतो.

त्याच डिसेंबरात छावणीबाहेरच्या एका झुंजीत बळवंतराव मेहेंदळे पडले. त्यांचा मुलगा म्हणजे अप्पा बळवंत. पुण्यातल्या ज्या चौकात आपण जूनमध्ये मुलांची पाठ्यपुस्तकं, वह्या आणि गाइडं घ्यायला गर्दी करतो, त्या चौकाला त्याचं नाव आहे. मी पुस्तकं तिथूनच आणते. पानिपतावर लिहिलेलं काही पिशवीत घालून त्या चौकातून बसस्टॉपकडे चालताना अंगावर काटा येतो, आणि मला वाटतं, तो यायलाच हवा.

एकदा ही नजर बसली की दूरचे देशही जवळचे होतात. सिरियाच्या किनाऱ्यावर उगारित नावाचं श्रीमंत बंदर होतं. तिथल्या उत्खननात मातीच्या लेखपट्ट्या निघाल्या, त्यांत एका पत्रात आजच्या तुर्कस्तानातल्या हित्ती राज्यासाठी धान्याचं जहाज तातडीनं मागितलं आहे. हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. इसवीसनपूर्व 1200 च्या आसपासची ही गोष्ट. थोड्याच काळात हित्ती साम्राज्य कोसळलं आणि उगारितही जळालं. समुद्रावरून आलेले हल्लेखोर, दुष्काळ, भूकंप, व्यापाराची मोडलेली साखळी, अभ्यासकांचा वाद चालूच आहे. मला ते एक पत्र पुरतं. तीन हजार वर्षांपूर्वीचा कुणी कारकून आणि पानिपतच्या छावणीतला कुणी कारकून, दोघंही धान्यच मागतायत.

फ्रान्सचंही तेच. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांना शह द्यायचा म्हणून राजानं कर्ज काढून पैसा ओतला. 1788 च्या सरकारी अंदाजात निम्म्याच्या आसपास खर्च कर्जापायीच होता. त्याच वर्षी 13 जुलैला भयंकर गारपीट होऊन पॅरिसभोवतालची उभी पिकं आडवी झाली. पुढच्या जुलैत बास्तिय पडलं तेव्हा पावाचा भाव शिगेला पोहोचला होता. आणि 5 ऑक्टोबरला बाजारातल्या बायका पाव मागत भर पावसात व्हर्सायवर चालून गेल्या. क्रांतीचे विचारवंत मी वाचलेत, त्यांचं मोल मोठंच आहे. पण त्या बायका निघाल्या नसत्या तर राजा व्हर्साय सोडून पॅरिसला आला असता, असं मला वाटत नाही.

माझा भाचा एमपीएससीची तयारी करतो. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत दिवसभर असतो, रात्री जेवायला आमच्याकडे. माझी वही बघून म्हणाला, "मावशी, पेपरात तारीख विचारतात गं, ज्वारीचा भाव नाही विचारत." मग जरा थांबून, खरंच विचारायचं म्हणून विचारलं, "सगळं धान्यावर आणि पैशावर ठरत असेल तर पराक्रमाला काय अर्थ उरला?"

मी त्याला म्हटलं, "अरे, उलट आहे. उपाशी माणसं त्या दिवशी सकाळी छावणीतून निघाली आणि दुपारपर्यंत लढाई त्यांच्या हातातून गेली नव्हती. पोटात काय होतं हे कळल्याशिवाय तुला तो पराक्रम केवढा होता ते कसं कळणार?"

जेवता जेवता विषय माधवरावांवर आला. पानिपतानंतर काही महिन्यांतच नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले आणि सोळा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर गादी आली, आणि गादीबरोबर कर्जही. 18 नोव्हेंबर 1772 ला माधवराव थेऊरला वारले. त्याआधी त्यांनी कलमवार लिहून ठेवलेल्या कागदात राज्यावरचं कर्ज फेडण्याचं कलम आहे. पेशवा अंथरुणाला खिळलाय आणि सावकारांचं देणं त्याच्या डोक्यातून जात नाही. भाच्यानं ताट बाजूला सारून तो कागद छापलेलं पान मागून घेतलं आणि दोनदा वाचलं.

आता रविवारी थेऊरला जाऊ या म्हणतोय. मी हो म्हटलंय, पण त्याआधी मला वहीतली 1761 ते 1772 ची पानं पुरी करायची आहेत. 1763 ची राक्षसभुवनची लढाई, म्हैसूरच्या हैदरवरच्या स्वाऱ्या, घरात काका राघोबादादांशी झालेली भांडणं. प्रत्येकीसमोर किती आलं आणि किती गेलं.