ऑगस्ट आणि युएंडुमू

ऑगस्टचा पहिला शनिवार-रविवार जवळ आला की माझं शहरात लक्ष लागत नाही. अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून तनामी रस्त्यानं सुमारे २९० किलोमीटर गेलं की मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात युएंडुमू लागतं. हे वार्लपिरी आदिवासींचं गाव, आणि माझंही. आई तिथल्या दवाखान्यात नर्स होती, बाबा शाळेत शिकवायचे. गावानं आल्या आल्या आम्हाला आपल्या नात्याच्या गटांत बसवून घेतलं: बाबा जपालजारी, आई नाकामारा, म्हणून मी नुंगराई. मग गावातल्या साऱ्या नुंगराई माझ्या बहिणी झाल्या आणि साऱ्या नपालजारी, म्हणजे बाबांच्या गटातल्या बायका, माझ्या आत्या.

१९६२ पासून गावात दरवर्षी खेळांचा मेळा भरतो. लजामानू, विलोरा, न्यिरिपी, पपुन्या अशा गावांतून गाड्या भरभरून माणसं येतात. फुटबॉल, सॉफ्टबॉल, बास्केटबॉल, रात्री बँडवाल्यांची चुरस. उद्घाटन, भाषणं, बक्षिसं सगळं यथासांग होतं, त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. फुटबॉलमध्ये आमचं गाव हरलं की मला आजही जेवण जात नाही, एवढं सांगून पुढे जाते.

मला ओढ असते ती यावुल्यूची, म्हणजे बायकांच्या गाण्या-नाचाच्या विधीची. दुपार कलली की आत्या मैदानाच्या कडेला झाडाखाली बसतात. डब्यांच्या झाकणांत तेलात कालवलेला गेरू, पिवडी आणि पांढरी माती. एक जण दुसरीच्या खांद्यावर, छातीवर बोटानं रेघा ओढते आणि ओढता ओढता गाते. गाणं आधी, मग रेघ. मध्येच एखादीला कडवं आठवत नाही, तेव्हा सगळ्या थांबतात आणि सगळ्यांत वयस्कर आत्या काय म्हणते याची वाट बघतात. मग त्या उठतात आणि दोन्ही पाय जोडून बारीक उड्या घेत पुढे सरकतात. मागे वाळूत जोडपावलांचे चर उमटत जातात.

त्यातलं सात नपालजारी बहिणींचं गाणं आम्हा नपालजारी-नुंगराईंकडचं. जकामारा गटातला एक पुरुष त्यांच्या मागे लागतो. त्याच्यापासून सुटण्यासाठी त्या आग होऊन आकाशात जातात. आई मला पहाटे अंगणात नेऊन ज्या कृत्तिका दाखवायची, त्या याच. मोठेपणी परत गेले तेव्हा आत्यानं काही न बोलता माझा दंड ओढून घेतला आणि त्यावर रेघ मारली. मला रडू आवरलं नाही.

राग एकाच गोष्टीचा येतो. फायनल संपली की बाहेरच्यांच्या गाड्या धूळ उडवत निघतात. आमच्या शाळेत शिकवून गेलेलेही "यंदा नक्की" म्हणतात आणि येत नाहीत. १९७४ पासून वार्लपिरीतून शिकवणारी ही शाळा. १९८३ मध्ये पाच वडीलधाऱ्यांनी तिचे ३० दरवाजे आपल्या कथांनी रंगवले. ते दरवाजे आता अ‍ॅडलेडच्या संग्रहालयात आहेत आणि तिथे लोक आवर्जून जातात. मग इथे तासभर बसायला काय हरकत आहे?

गेलेल्या माणसाचं नाव तिथे घेत नाहीत, म्हणून कुणाचंच नाव लिहीत नाही. ज्यांचं त्यांना कळेल. पहाटे मैदानावर पाणी मारणारे दोघे भाऊ. निखाऱ्यात कांगारूची शेपटी भाजणारी थोरली नुंगराई आणि तिला सरपण आणून देणारी मुलं. रात्रभर गस्त घालून पोरांना घरी पोचवणाऱ्या बायका. म्हाताऱ्या आत्यांना गाडीतून आणणारा, उन्हं बदलली की त्यांच्या खुर्च्या हलवणारा जंगाला. रेडिओवरून सामन्यांच्या वेळा सांगणारा पोरगा. सॉफ्टबॉलचा स्कोअर लिहिणाऱ्या शाळेतल्या बाई. जनरेटरवाले. दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवणारे. दवाखान्यातल्या नर्सबाई, ज्यांना मेळ्यातला एकही सामना पुरता बघायला मिळत नाही. आईलाही कधी मिळाला नाही. आणि हो, मेळा उठल्यावर सोमवारी कचरा गोळा करणारी शाळेची मुलं. त्यांचं कौतुक माइकवरून कुणी करत नाही, म्हणून इथे करते.