जामा मशिदीखालचं पाणी

शनिवार, रात्र

आत्ताच मुंबईहून डेक्कन क्वीननं पुण्याला परतलो. दमलोय, पण हे आजच लिहायला हवं.

मुंबईतलं काम दुपारीच आटोपलं, तेव्हा ऑफिसातला मित्र म्हणाला, चल, आमची मशीद दाखवतो. तो मूळचा श्रीवर्धनचा, कोकणी मुसलमान. क्रॉफर्ड मार्केटवरून गर्दीतून वाट काढत झवेरी बाजाराच्या अंगाला जामा मशिदीपाशी पोचलो. पूर्वेच्या दरवाज्यातून आत शिरलो आणि समोर पाणीच! हिरवट, संथ, चांगलं ऐसपैस तळं. मासे फिरत होते. दोघं-तिघं काठाशी बसून वजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुणं, करत होते. त्या पाण्यातून काळ्या दगडाच्या सोळा कमानी वर आल्यात आणि अख्खी मशीद त्यांच्यावर पेललेली आहे. कमानी १८७४च्या, तळं त्याहून कितीतरी जुनं. तळाशी झरे आहेत.

मशिदीचं मूळ बांधकाम कमानींच्या आधीचं, १७७५ला सुरू झालं आणि १८०२ला पुरं झालं. वर नमाजाची दालनं आहेत, लाकडी खांब आहेत, सगळं देखणं आहे. पण माझा पाय तळ्यापासून हलेना. मित्रानं सांगितलं, ही जागा एका कोकणी व्यापाऱ्याची. त्यानं मशिदीला होकार दिला तो एका अटीवर: तळं आहे तसं राहिलं पाहिजे.

मला ही अट फार मोठी वाटते. तो काळ बघा. बेटांमधलं पाणी हटवून मुंबई घडत होती. वरळीच्या खाडीवर गव्हर्नर हॉर्नबीनं बांध घातला तो याच सुमाराला. सगळीकडे खारं पाणी, गोडं मिळणार विहिरी-तळ्यांतून. विहार तलावाचं पाणी आलं ते थेट १८६०च्या सुमारास. पुढे धोबी तलाव, गवालिया टँक बुजले. हे एक टिकलं, कारण धन्यानं आधीच बजावून ठेवलं होतं आणि बांधणाऱ्यांनी ते मानलं. त्यांना भर घालून पाया घेणं सोपं गेलं असतं. पाणी राखून वर इमारत उभी करायची म्हणजे खर्च वेगळा, कसब वेगळं. पिढ्यान्‌पिढ्या कुणीही ‘आता काय गरज’ म्हटलं नाही, याचं मला जास्त अप्रूप.

लोणावळा येईपर्यंत डोक्यात आपलं पुणंच घोळत होतं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या दगडी नळांतून शहरात पाणी आणलं. शनिवारवाड्याला आणलं, पेठांतल्या हौदांना आणलं. फुल्यांनी १८६८ साली स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो याच शहरात. इतकं पाण्यावर उभं राहिलेलं गाव, आणि आज हौद म्हटलं की रिक्षावाल्याला चौक सांगायचा असतो, बस्स.

आमच्या वाड्यातही हौद आहे. शहाबादी फरशीखाली झाकलेला. आजी सांगायची, त्यावर सगळ्या बिऱ्हाडांचं धुणं-भांडं चालायचं. आता वाडा पाडून इमारत होणार आहे आणि नव्या नकाशात नेमकं तिथे पार्किंग दाखवलंय.

उद्या सकाळी काकांशी बोलतो. सह्या अजून व्हायच्या आहेत. हौद बुजवायचा नाही, एवढी एक ओळ करारात घालायचीच, मग गाडीच्या दोन जागा कमी झाल्या तरी चालेल. काका नाही म्हणतील, जागेचा हिशोब मांडतील. मांडू देत. मी त्यांना पुढच्या शनिवारी जामा मशिदीत घेऊन जाईन.