७२ बोल्ट आणि एक काळी गोटी

मागच्या मे महिन्यात रोटाव्हेटरची, म्हणजे ट्रॅक्टरमागं लावून माती भुसभुशीत करायच्या यंत्राची, पाती बदलायला काढली. पाच फुटी यंत्र, ३६ पाती, एका पात्याला दोन बोल्ट, म्हणजे ७२. आमच्या सेलूकडची काळी माती ओली असताना नटाला लिंपून बसते, उन्हात वाळली की विटेसारखी होते, अन् तिच्याखाली दोन पावसाळ्यांचा गंज. मृग तोंडावर आलेला. गॅरेजवाला म्हणाला, आठ दिवसांनी बघू. म्हटलं, घरीच करू.

ट्रॅक्टरपासून शाफ्ट सोडवला, यंत्र ओंडक्यांवर टेकवलं. घरात चकचकीत गोट्यांची, म्हणजे नटावर टोपीसारख्या बसवायच्या सॉकेटांची, पेटी होती. २२ ची गोटी, लांब हँडल अन् त्यात तीन फुटी पाइप घातला. दहा-बारा नट कुरकुरत सुटले. पुढच्याला गोटी सटकली आणि नटाचे कोपरे गोल झाले. ती आतून बारा कोनांची, नटाला नेमकी कोपऱ्यांपाशीच धरते. गंजून झिजलेल्या नटाला कोपरे उरलेत कुठं?

मग मेव्हण्याची नट सोडवायची बॅटरीवाली इम्पॅक्ट गन आणली आणि शहाणपणा असा केला, की तिला तीच चकचकीत गोटी लावली. गन टरटरली, दोन नट सुटलेसुद्धा, मी खूष. तिसऱ्याला टण्ण झालं. गोटी उभी चिरली अन् तिचा नखाएवढा तुकडा नडगी कापून गेला. डोळ्यावर चष्मा नव्हता. तो दुसऱ्या दिवशी आला.

फुटकी गोटी घेऊन परभणीला गेलो. दुकानातल्या पोरानं ती बघितली अन् हसला. "काका, गनला ही लावली व्हय? ही ओढ सोसती, ठोका नाही सोसत." त्यानं काउंटरवर काळी गोटी ठेवली. भिंत जाड, आत सहाच कोन, वर चकाकी नाही, बाजूला पिन घालायचं भोक. चकचकीत गोटी क्रोम व्हॅनेडियमची, कडक. पातळ भिंतीतही हाताची ओढ पेलते, पण धक्क्यानं चिरते. काळी क्रोम मोलिब्डेनमची, जरा चिवट, ठोका अंगावर घेते. सहा कोन असल्यानं ती नटाला कोपऱ्याऐवजी सपाट बाजूवर धरते. पिन आणि तिच्यावरची रबरी रिंग गोटी गनवरून उडू देत नाही. एक्स्टेंशनही काळंच घ्या म्हणाला, नाहीतर गोटीऐवजी ते तुटेल.

गनच्या पोटात हातोडीसारखा भाग फिरत असतो, तो पुढच्या दांड्याला आडवे ठोके देत जातो. म्हणून हाताला पिळा बसत नाही आणि नटाला मात्र हिसक्यावर हिसका बसतो. पाइप लावून मी एकसारखा रेटत होतो. त्यात बोल्ट पिळून तुटायची भीती. ठोक्यांनी गंजाची पकड आधी तडकते.

रात्री तारेच्या ब्रशनं माती खरवडली, नटांवर डिझेल सोडलं. सकाळी गन आधी क्षणभर आवळायच्या दिशेनं फिरवली, मग उलटी. पहिल्या नटाला चार-पाच सेकंद काहीच झालं नाही, नुसती टरटर. मग आवाज अचानक मोकळा झाला आणि तांबडी भुकटी सांडली. हे बघायला शेजारचे मामाही बांध ओलांडून आले. दुपारपर्यंत जवळजवळ सगळे सुटले. तो गोल झालेला नट ग्राइंडरनं कापला.

चेनकव्हरजवळचे दोन बोल्ट मात्र उरले. तिथं जागा एवढी अरुंद की काळ्या गोटीची जाड भिंत आत शिरेना. शेवटी पेटीतला जुना रिंगपाना काढला, त्याच्या टोकावर लाकडी मोगरीनं टोले दिले, अन् पाऊण तासात तेही आले. नवे बोल्ट गननं फक्त टेकवले, शेवटचं आवळणं हातानं केलं.

गन अजून मेव्हण्याला परत केलेली नाही.