एअर ब्रेकपासून एअर बेलोपर्यंत: आमची वाटचाल

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यात सुरुवातीला फक्त ट्रक-बसच्या एअर ब्रेकची कामं होत. कॉम्प्रेसरच्या रिंगा, हेड, व्हॉल्व्ह प्लेट. त्या गाड्यांत हवेची ददात नसते, इंजिनच कॉम्प्रेसर फिरवतं. बेलो, म्हणजे सस्पेन्शनमधले हवेचे रबरी फुगे, बसवायचे असतील तर ब्रेकच्या हवेच्या टाकीवर थेट टी (तीन तोंडांचा जोड) मारायची नाही. मध्ये प्रोटेक्शन व्हॉल्व्ह हवाच, म्हणजे बेलो फुटला तरी ब्रेकची हवा शाबूत राहते.

पुढं पिकअप, टेम्पो ट्रॅव्हलर, कॅम्पर येऊ लागले आणि बॅटरीवर चालणाऱ्या १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसरचं काम वाढलं. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती पीएसआयचा?", म्हणजे दाब किती. खरं बघायचं ते वेगळंच. डब्यावरचा सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा) आकडा बहुतेक वेळा शून्य दाबाचा असतो. १०० पीएसआयला किती हवा मिळते, ते विचारा.

हिशेब सोपा आहे. १९ लिटरची टाकी ११० वरून १४५ पीएसआयला न्यायची तर साधारण ४६ लिटर मोकळी हवा लागते. त्या दाबाला मिनिटाला २८ लिटर, म्हणजे १ सीएफएम, देणारा कॉम्प्रेसर पावणेदोन मिनिटांत थांबतो. निम्मी हवा देणारा दुप्पट वेळ तापत राहतो. कॉम्प्रेसर किती वेळ सलग चालवायचा ते ड्यूटी सायकल सांगते. ३३ टक्के ड्यूटी सायकल म्हणजे १० मिनिटं काम, २० मिनिटं विश्रांती. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) मदतीला दोनच बेलो असतील आणि माल भरताना एकदाच हवा मारायची असेल, तर तेवढा पुरतो, टाकीसुद्धा नको. चारही चाकांना बेलो असतील तर १०० टक्के ड्यूटीचाच घ्या, तिथं काटकसर नको.

वायरिंग आम्ही ६ चौरस मिमीचं करतो, फ्यूज बॅटरीलगत, मोटारचा करंट चालू-बंद करायला ४० अँपिअरचा रिले. प्रेशर स्विचमधून मोटारचा करंट नेला की त्याचे पॉइंट जळतात. कॉम्प्रेसरच्या हेडला स्टीलची जाळीदार होज लावायची, नायलॉन पाइप तिथं वितळतो. चेक व्हॉल्व्ह (टाकीतली हवा मागे येऊ न देणारा) गळका असेल तर मोटार टाकीच्या दाबाविरुद्ध सुरू होते आणि फ्यूज उडतो. लोक उगाच मोटार बदलतात. जॉइंटला टेफ्लॉन टेप नको. तिचे तुकडे सोलेनॉइडमध्ये (बेलोची हवा सोडणाऱ्या-रोखणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हमध्ये) अडकले की सकाळी गाडी एका बाजूला बसलेली असते. पातळ थ्रेड सीलंट लावा, मग साबणाच्या पाण्यानं तपासा.

चिकोडी-रायबागकडे उसाच्या हंगामात धूळ फार, तिथं इनटेक फिल्टर उंचावर न्यावा. खानापूर, कणकुंबी, चोर्ला घाटात पावसाळ्यात हवाच ओली. तिकडच्या गाड्यांना वॉटर ट्रॅप लावतोच, आणि टाकीचा खालचा कॉक आठवड्यातून एकदा तरी उघडायला सांगतो.