पिकअपमधली धूम

कणकवलीत हायवेच्या कडेला माझं गाड्यांच्या ऑडिओ फिटिंगचं दुकान आहे. पिकअपवाले इथे रोजचेच, आणि त्यांची मागणीही ठरलेली असते, म्हणजे दोन बारा इंची वूफर, बेसचे मोठे स्पीकर, आणि बाहेर उभ्या माणसाची छाती हलली पाहिजे. म्हणून मालवणच्या बंदरावरून मासळी घेऊन फोंडाघाट चढून कोल्हापूरला जाणारे एक काका बोलेरो पिकअप घेऊन आले आणि म्हणाले "माका डीजे नको रे, माका पखवाज होयो", तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवलं. काका डबलबारीत, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्यात, पखवाज वाजवतात. रात्रीच्या फेरीत स्वतःच्या मंडळाची रेकॉर्डिंग ऐकतात आणि पखवाजाचं डावं अंग, कणीक लावलेलं, म्हणजे धूम, ते गाडीत ऐकूच येत नाही ही त्यांची तक्रार. "धूम येणाच नाय."

गाडीत आधीच दुसऱ्या एका दुकानात काम झालेलं होतं. सीटमागे अख्ख्या रुंदीचा एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीचा बॉक्स, त्यात दोन दहा इंची वूफर, बॉक्सला मोठं पोर्ट, म्हणजे हवा जायला-यायला भोक. एवढं सगळं बसवायचं म्हणून ड्रायव्हरची सीट पार पुढे ओढलेली, काकांचे गुडघे स्टिअरिंगला लागत होते आणि माणूस असा बसून घाट उतरतो! बेस येत नाही म्हटल्यावर त्या दुकानाने अजून मोठा ॲम्प्लिफायर विकला. आमच्या धंद्यात हेच चाललंय, आवाज आला नाही की वॅट वाढवा, बॉक्सची जाळी उघडून बघायचे कष्ट नकोत.

मी जाळी काढली, ॲम्प्लिफायरच्या वायरी सोडवल्या आणि नऊ व्होल्टची बॅटरी एकेका वूफरच्या टर्मिनलला क्षणभर टेकवली. प्लसला प्लस लावला की कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, बाहेर यायला हवा. एकाचा आला, दुसऱ्याचा आत गेला. म्हणजे एक हवा ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय. ४० हर्ट्झची लाट साधारण साडेआठ मीटर लांब असते आणि पिकअपची केबिन रुंदीला दीड मीटरच्या आसपास, त्यामुळे आत कुठेही बसा, दोघं एकमेकांना खाऊनच टाकणार. मोठा ॲम्प्लिफायर लावून फक्त जास्त जोरात खात होते. वायरी फिरवल्या, बेस आला, दुकानातली पोरं लगेच खूश. काकांनी डोळे मिटून एक गजर ऐकला आणि मान हलवली. "धूम फुगता."

शंभरातली नव्वद गिऱ्हाइकं इथे पैसे देऊन गेली असती. पण ते बरोबर बोलत होते. छोट्या बंद केबिनमध्ये खालचे सूर आपोआप वर उचलले जातात, केबिन जेवढी लहान तेवढं ते उचलणं वरच्या फ्रिक्वेन्सीपासून सुरू होतं. त्यात पोर्टचा बॉक्स आपल्या ट्यूनिंगच्या जागी अजून जोर देतो, मग थाप पडून गेली तरी आवाज लोंबकळत राहतो. सीलबंद बॉक्सचं उलट असतं, तो खाली उतरत जातो आणि नेमकं तिथेच केबिन त्याला हात देते. पुस्तकात बॉक्स दर सप्तकाला १२ डेसिबल उतरतो आणि केबिन तेवढंच उचलते असं लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात दारं-पत्रे गळतात म्हणून तेवढं जुळत नाही, पण पिकअपमध्ये खूप जवळ जातं.

मग मी तो बॉक्स काढूनच टाकला. तसाही एमडीएफ खालून फुगला होता, आमच्या हवेत आणि मासळीच्या पाण्यात एमडीएफ लावणं म्हणजे पैसे पाण्यात. १८ मिलिमीटर मरीन प्लाय घेतला. सीटची पाठ तिरकी असते म्हणून तिच्यामागे खाली जागा जास्त आणि वर कमी, तशाच उताराचा सीलबंद बॉक्स कापला, वर ४ इंच, खाली साडेसात, आत पाऊण घनफुटाच्या आसपास, फक्त क्लीनरच्या बाजूला. एकच दहा इंची, कमी खोलीचा वूफर, तोंड सीटकडे, पण कोन पुढे यायला मोकळी जागा सोडून. सीटचा फोम लागला तर वाटतं बेस दबेल, बेस फोमने दबत नाही, कोन अडकला की मात्र वूफर जातो. पॉवरची वायर शुद्ध तांब्याची, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली खाऱ्या हवेत पावडर होते. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. अर्थसाठी रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस, नाहीतर पावसाळ्यानंतर गंज धरून स्पीकरमध्ये अल्टरनेटरची शिट्टी सुरू होते.

आता थाप सुटी सुटी येत होती. काकांची सीट मागे गेली, पाय मोकळे झाले. तरी ते म्हणाले, "धूम पाठसून येता, पखवाज फुडे वाजता." दाराचे स्पीकर पुढे आणि वूफर मागे, दोघांची वेळ जुळत नव्हती. लो पास, म्हणजे वूफरला जाणाऱ्या सुरांची वरची मर्यादा, १२० वरून ८० हर्ट्झवर आणला, फेजचा स्विच १८० वर, म्हणजे उलटा टाकला आणि पखवाज दोन्ही अंगांनी डॅशबोर्डवर येऊन बसला. काका काही बोलले नाहीत, स्टिअरिंगवर बोटं चालू झाली, समेवर बरोबर. मी ॲनालायझरच्या ॲपवर हे सगळं बघतोच, पण पाठसून-फुडे हे त्या पडद्यावर दिसत नाही.

एवढं सगळं जमलं तरी डोक्यात आहे तो त्यांचा भाचा, क्लीनर, विशी-बाविशीचा. बॉक्स त्याच्या पाठीमागे आला, जागा करायला त्याच्या सीटची पाठ ३ इंच सरळ केली. मी त्याला बसवून विचारलं, तर तो मामांकडे बघून "चलात" म्हणाला. काका म्हणाले पोरगो तरणो आसा. पण बर्फाचे क्रेट उचलायचे त्याने, रात्रभर ताठ बसायचं त्याने आणि भजनं मामांची. सिस्टीम बसवताना आवाज ड्रायव्हरच्या कानाला जुळवतात, दुसऱ्या सीटवर कोण बसतं हे कोणी मोजत नाही, मीही मोजपट्टी लावून विचारतो तेवढंच. छोटा हत्तीत सीटखाली इंजिन असतं म्हणून तिथे पर्यायच नाही, पण बोलेरोत क्लीनरच्या सीटखाली थोडी जागा आहे. जॅक आणि टॉमी तिथून हलवले तर आठ इंची चपटा वूफर आडवा बसेल. धूम एवढी खोल जाणार नाही, काकांच्या कानाला ते पहिल्या थापेत कळेल.

पावसाळ्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा गाडी उभीच असणार. काकांना सांगितलंय की दोन दिवस गाडी ठेवा, मी खालचा बॉक्स करून बघतो, मजुरी नको. येताना भाच्याला घेऊन या म्हटलंय, कारण मापं तो बसलेला असतानाच घेणार आहे.